घरातल्या बॉयलरला सौर बंबाची जोड : वाचकांचे प्रश्न

थंडीच्या दिवसांत या सदराकडे पाणी तापवण्याविषयीची पत्रे नेहमीच येतात. या वेळी मात्र त्यांतली बहुतेक एकाच अडचणीची होती : घरात बॉयलर किंवा गीझर आधीपासून आहे, गच्ची मोकळी आहे, ऊनही आहे, तर जुने न मोडता नवे कसे जोडावे? निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिले उत्तर लांबले आहे, कारण त्या पत्रातला पेच नाशिकमधल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या बंगल्याचा आहे.

प्रश्न : आमचा बंगला १९९२ साली बांधलेला, तळमजला आणि वर एक मजला असा आहे. वरच्या पोटमाळ्यावर १०० लिटरचा विजेचा बॉयलर असून त्यातून दोन न्हाणीघरे आणि स्वयंपाकघर यांना भिंतीत गाडलेल्या, जस्त चढवलेल्या लोखंडी (जी.आय.) नळांतून गरम पाणी जाते. घरात आम्ही पाच माणसे आहोत. गच्चीवर २०० लिटरचा सोलर बसवायचा आहे. विक्रेता म्हणतो, सोलरच्या टाकीतच विजेचा हीटर टाकून देतो, बॉयलर काढून टाका. प्लंबर म्हणतो, बॉयलर राहू द्या, सोलरचे पाणी त्यातूनच घेऊ. कोणाचे ऐकावे?
(एक वाचक, गंगापूर रोड)

उत्तर : आपल्या प्लंबरचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. बॉयलर जरूर ठेवावा. पण सोलरचे पाणी बारा महिने त्याच्या पोटातून फिरवू नये.

आधी गरजेचा हिशेब करू. जानेवारीत गच्चीवरच्या टाकीतले गार पाणी १८ अंशांचे आहे आणि अंगावर घ्यायचे पाणी ४२ अंशांचे हवे आहे, असे धरा. एका माणसाला दीड बादली, म्हणजे ३० लिटर पाणी लागत असेल, तर ६० अंशांचे कढत पाणी १७ लिटर आणि बाकीचे विसण, एवढ्यात त्याची आंघोळ होते. पाच जणांचे ८५ लिटर आणि भांड्यांचे व स्वयंपाकघराचे २० ते २५ लिटर मिळून ११० लिटर झाले. हेच पाणी रात्रभर टाकीत थांबून ५० अंशांवर उतरले, तर माणशी साडेबावीस लिटर लागेल आणि बेरीज १३५ लिटरच्या घरात जाईल. आपल्याकडे आंघोळी सकाळी होतात, म्हणजे दुपारी चारपर्यंत तापलेले पाणी चौदा-पंधरा तास थांबून मग बादलीत येते, ही गोष्ट हिशेबात धरायला बहुतेक जण विसरतात. नाशिकच्या हिवाळ्यात दिवसाचे ऊन निरभ्र आणि चोख असते. सोलरची परीक्षा रात्री होते. म्हणून टाकी निवडताना ऊन पकडणाऱ्या काचेच्या ट्यूबा किती हे विचारण्याआधी टाकीभोवती फोमचे आवरण किती जाड आहे ते विचारावे. ५० मिलिमीटरपेक्षा कमी घेऊ नये. आपण २०० लिटरची टाकी निवडली आहे, ती योग्य आहे.

एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे १.१६ वॅट-तास ऊर्जा लागते. त्या हिशेबाने ११० लिटर पाणी १८ वरून ६० अंशांवर न्यायला रोज ५.४ युनिट, म्हणजे महिन्याला १६० युनिटांच्या आसपास वीज जाते. महावितरणच्या घरगुती दरांचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात आणि वाचलेले युनिट नेहमी सर्वांत वरच्या टप्प्यातून कमी होतात. तेव्हा बचत सरासरी दराने न काढता आपल्या बिलातल्या शेवटच्या टप्प्याच्या दराने काढावी. ती अपेक्षेपेक्षा जास्त निघेल.

आता विक्रेत्याची सूचना. सोलरच्या टाकीत हीटर बसवला की ढगाळ दिवशी चार बादल्यांसाठी सगळी २०० लिटरची टाकी तापवावी लागते. ३० अंशांवरून ५५ वर न्यायचे म्हटले तरी त्याला ५.८ युनिट जातात. त्याहून वाईट म्हणजे हा हीटर संध्याकाळी चालू केला आणि सकाळी पाणी पुरते वापरले गेले नाही, तर दुसऱ्या दिवशीचे ऊन आधीच गरम असलेल्या पाण्यावर पडते. पाणी जितके गरम, तितकी ट्यूबांची ऊन पकडण्याची शक्ती कमी होते. म्हणजे विजेने तापवलेले पाणी उन्हाची जागा अडवून बसते. ज्या घरात बॉयलर नाहीच, तिथे असा हीटर टायमर लावून पहाटे चालवणे ठीक आहे. आपल्याकडे चांगला बॉयलर असताना त्याची गरज नाही.

प्लंबरच्या सूचनेतली अडचण वेगळी आहे. १०० लिटरचा बॉयलर सोलर आणि नळ यांच्या मध्ये बसला आणि विजेचे बटण बंद असले, तर त्यात रात्रभर कोमट झालेले १०० लिटर पाणी साठलेले असते. वर ६० अंशांचे पाणी तयार असूनही नळातून आधी हे कोमट पाणी येत राहते. घरातले वैतागून बॉयलरचे बटण दाबतात, आणि महिन्याअखेरीस बिल पाहून सोलर फसवा आहे असे ठरवून मोकळे होतात. अशी तीन-चार घरे मी स्वतः पाहिली आहेत. दोष सोलरचा नव्हता, जोडणीचा होता.

त्यासाठी दोन व्हॉल्व्ह पुरतात. सोलरचा गरम नळ पोटमाळ्यावर आला की त्याला दोन फाटे द्यावेत : एक बॉयलरच्या आत जाणारा आणि दुसरा बॉयलरला वळसा घालून थेट घराच्या गरम नळाला मिळणारा. दोन्ही फाट्यांवर एकेक बॉल व्हॉल्व्ह असावा. ऊन असेल तेव्हा वळशाचा व्हॉल्व्ह उघडा आणि बॉयलरचा बंद. सलग ढग असले की उलट करून बॉयलरचे बटण दाबावे. मग सोलरचे ३०-३५ अंशांचे पाणी आत येते आणि बॉयलरला फक्त उरलेले अंश भरून काढावे लागतात. बॉयलरमधून बाहेर पडणाऱ्या नळावर मात्र व्हॉल्व्ह अजिबात बसवू नये. दोन्ही तोंडे बंद असलेल्या बॉयलरचे बटण कोणी चुकून दाबले, तर तापून फुगणाऱ्या पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. याच कारणाने बॉयलरचा दाब सोडणारा सुरक्षा व्हॉल्व्ह कधीही बुच मारून बंद करू नये. पाणी तापत असताना त्यातून थेंब थेंब येते ती गळती नसून त्याचे कामच आहे. त्या थेंबांना नळी लावून ती मोरीत सोडावी.

आपल्या बॉयलरच्या माहितीपुस्तिकेत आत येणारे पाणी किती गरम चालते तेही पाहावे. एप्रिल-मे महिन्यांत सोलरचे पाणी ८० अंशांच्या पुढे जाऊ शकते आणि इतके कढत पाणी आत आले तर काही बॉयलरांतला तापमान तोडणारा सुरक्षा खटका पडतो. उन्हाळाभर वळशाचा मार्गच चालू ठेवावा. घरात लहान मूल किंवा वृद्ध माणूस असेल, तर सोलरच्या बाहेर पडणाऱ्या नळावर गार पाणी आपोआप मिसळणारा तापमान-नियंत्रक मिक्सिंग व्हॉल्व्ह ५० अंशांवर लावून बसवावा, असा माझा आग्रह आहे. ६० अंशांचे पाणी काही सेकंदांतच कातडी भाजते. हा व्हॉल्व्ह बसेपर्यंत बादलीत आधी विसण आणि मग कढत पाणी, हा क्रम घरात सर्वांनी पाळावा. बॉयलर बरेच दिवस बंद ठेवून पुन्हा वापरात आणताना त्यातले साठलेले पाणी एकदा ६० अंशांवर नेऊन मगच वापरावे. २५ ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात लीजिओनेला हा फुप्फुसांना बाधणारा जिवाणू वाढतो आणि ६० अंशांवर तो टिकत नाही.

आता गच्चीवर या. आपल्याकडचे साधे सोलर कोणत्याही पंपाशिवाय चालतात. ट्यूबमधले पाणी तापून हलके होते आणि वर टाकीत चढते, टाकीतले गार पाणी त्याची जागा घ्यायला खाली येते. हे सगळे पातळ्यांवर अवलंबून असते. गार पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा वर हवा. जुन्या बंगल्यांत गार पाण्याची टाकी बहुधा जिन्याच्या खोलीवर असते, तिथे प्रश्न येत नाही. ती गच्चीच्या स्लॅबवरच ठेवलेली असेल तर आधी तिला सहा-सात फुटांचा चौथरा किंवा लोखंडी घोडा करावा लागेल. तिथून सोलरला जाणारा गार पाण्याचा नळ स्वतंत्र असावा, त्यावर संडासाच्या फ्लशचा किंवा बागेचा फाटा असू नये. सोलरच्या टाकीवरचा, हवा आत-बाहेर जाऊ देणारा व्हेंट पाइप गार टाकीतल्या पाण्याच्या सर्वांत वरच्या पातळीपेक्षा उंच न्यावा आणि त्याचे तोंड कायम उघडे राहावे.

या व्हेंटबद्दल कळकळीने सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्याच घरी व्हेंटमधून पाणी सांडत होते, म्हणून दुरुस्तीला आलेल्या माणसाने त्यावर टोपी बसवली. दुसऱ्या दिवशी तीन आंघोळी एकापाठोपाठ झाल्या, खाली पाणी वेगाने काढले गेले, वरून हवा आत यायला जागा नव्हती आणि टाकीचे आतले स्टीलचे भांडे पोचे येऊन चेपले. सांडण्याचे खरे कारण निराळेच होते. न्हाणीघरात बसवलेल्या प्रेशर पंपाने गार पाण्याचा जोर वाढला होता, मिक्सरच्या दोन्ही कळा उघड्या ठेवून पुढचा शॉवर बंद केला की गार पाणी गरम नळातून उलटे सोलरच्या टाकीत चढत होते. गरम नळावर पाणी उलटे जाऊ न देणारा एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवल्यावर ते थांबले. आपल्याकडे प्रेशर पंप असेल तर तो विक्रेत्याला आधीच दाखवा. साधी सोलर टाकी पंपाच्या दाबासाठी बनवलेली नसते.

भिंतीतला तीस वर्षांहून जुना जी.आय. नळ मी वापरणार नाही. त्याच्या आत क्षार आणि गंज यांनी वाट अरुंद झालेली असते आणि वरून येणारे पाणी केवळ उंचीच्या जोरावर वाहते, तेव्हा प्रत्येक अडथळा जाणवतो. गरम पाणी सोसणाऱ्या सी.पी.व्ही.सी. प्लॅस्टिकचा नवा नळ बाहेरच्या भिंतीवरून उतरवावा. साधा पांढरा किंवा राखाडी पी.व्ही.सी. गरम पाण्याला चालत नाही, तो मऊ पडतो. नळावर फोमचे वेष्टण आणि त्यावर ऊन अडवणारी ॲल्युमिनियमची पट्टी हवी. उघडा फोम गच्चीवर लवकरच भुरभुरतो.

दिशा आणि कल याबाबत विक्रेते बहुधा चुकत नाहीत, तरी माहीत असावे. नाशिकचा अक्षांश २० आहे. हिवाळ्यासाठी त्यात १० ते १५ मिळवून ट्यूबांना ३० ते ३५ अंशांचा कल आणि तोंड दक्षिणेला द्यावे. २२ डिसेंबरला माध्यान्हीचा सूर्य इथे क्षितिजापासून साडेशेहेचाळीस अंशांवरच असतो, म्हणजे दक्षिणेकडच्या भिंतीची सावली भर दुपारी जवळजवळ तिच्या उंचीएवढी पडते. त्या दिवसांत आपल्याकडे खरी माध्यान्ह घड्याळात साडेबारानंतर होते, तेव्हा सावली त्या वेळी आणि पुन्हा सकाळी नऊला पाहून जागा ठरवावी. पाण्याचेच वजन २०० किलो, त्यात टाकी आणि सांगाडा. तेव्हा पाय तुळईच्या रेषेवर येऊ द्या. स्लॅबला भोके पाडून जलरोधक थर फोडू नका, काँक्रीटचे ठोकळे घालून त्यांत सांगाडा जखडा. वळवाच्या वाऱ्यात मोकळा उभा केलेला सोलर उलथतो.

प्रश्न : आमच्या सोसायटीत बिल्डरने सोलर दिला आहे, पण चौथ्या मजल्यापासून खाली आम्हाला गरम पाणी येईपर्यंत जवळजवळ एक बादली गार पाणी जाते. आम्ही घरात वेगळा गीझर घ्यावा का?
(एक वाचक, पाथर्डी फाटा)

उत्तर : पंचवीस मीटर लांबीच्या एक इंची नळात सुमारे १२ लिटर पाणी मावते आणि त्यापुढच्या पाऊण इंची फाट्यात आणखी तीन. हे पंधरा लिटर रात्रभर नळातच निवते, आणि पहाटे जो पहिल्यांदा नळ सोडतो त्याच्या वाट्याला येते. पाणी वाया घालवू नका. कपड्यांसाठी बादली भरून ठेवा, हे आज करता येण्यासारखे आहे.

सोसायटीने करण्याजोगी कामे दोन आहेत. उभ्या नळांना वेष्टण घालणे हे पहिले, आणि नळाच्या खालच्या टोकापासून वर टाकीपर्यंत परतीचा बारीक नळ टाकून, पहाटे पाच ते आठ या वेळेत टायमरवर चालणारा छोटा पंप बसवणे हे दुसरे. पंपाने नळातले निवलेले पाणी आंघोळीच्या आधीच वर जाते आणि कोणाही घराला थांबावे लागत नाही.

घरासाठी ३ लिटरचा ३ किलोवॅटचा इन्स्टंट गीझर चालेल, पण त्याची मर्यादा समजून घ्या. मिनिटाला ३ लिटर धार असेल तर तो पाणी १४ अंशांनीच तापवतो. सोलरचे २८ अंशांचे कोमट पाणी तो ४२ वर नेईल. १८ अंशांचे गार पाणी ३२ वरच सोडेल. पावसाळ्यातही पुरेल असे काही हवे असेल तर १५ लिटरचा साठ्याचा गीझर घ्या. सोलरच्या नळाला तो मालिकेत, म्हणजे सोलरचे पाणी त्यातूनच पुढे जाईल असा, जोडलेला चालतो, कारण १५ लिटर कोमट पाणी पुढे सरकायला फार वेळ लागत नाही. आत गरम पाणी घेतलेले चालते का, हे त्याच्या पुस्तिकेत मात्र पाहा. वायरिंग १६ अँपिअरचे आणि अर्थिंग पक्के असावे, आणि विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपिअरचा खटका (आर.सी.सी.बी.) नसेल तर गीझरच्या आधी तो बसवून घ्यावा.

प्रश्न : शेतातल्या घरात आजोबांच्या वेळचा तांब्याचा बंब आहे आणि लाकूडफाटाही घरचाच आहे. आता सोलर घेतला आहे. सोलरचा नळ बंबाला पक्का जोडून बंबातून न्हाणीपर्यंत नळ नेता येईल का? इकडे थंडीत पारा पाच अंशांच्या खाली उतरतो आणि पहाटे नुसत्या सोलरचे पाणी पुरेसे कढत नसते.
(एक शेतकरी वाचक, निफाड तालुका)

उत्तर : बंब ठेवा, पण पक्का जोडू नका. विजेचा बॉयलर खटक्याने थांबतो. लाकडाचा विस्तव एकदा पेटला की आपल्या सांगण्याने थांबत नाही. बंब हे मुळात उघड्या तोंडाचे भांडे आहे. वरून पाणी ओतायचे, खालच्या तोटीने काढायचे, आणि वाफ झालीच तर ती वरून निघून जाते, यातच त्याची सुरक्षितता आहे. त्याला दोन्हीकडून नळ लावून बंद केले आणि पुढची तोटी बंद असताना विस्तव चालू राहिला, तर पाण्याची वाफ होताना ती सोळाशे पटींहून जास्त फुगते. जुन्या तांब्याचे झाळलेले सांधे ते सोसणार नाहीत.

सोलरचा गरम नळ बंबाच्या तोंडाच्या वर चार बोटे अधांतरी सोडा आणि त्यावर तोटी बसवा. संध्याकाळी न भरता पहाटे विस्तव घालण्याच्या वेळी भरा, म्हणजे पाणी रात्रभर फोमच्या टाकीत गरम राहील. फायदा किती ते पाहा : १२ अंशांचे पाणी ६० वर न्यायला जेवढे जळण लागते, त्याच्या जेमतेम पाचव्या हिश्शात ५० अंशांचे पाणी ६० वर जाते. चार ढलप्या आणि मूठभर काटक्या पुरतील. न्हाणी बंबापासून दूर असेल तर बादलीने पाणी नेणे, हेच मी सुचवीन; तेवढ्यासाठी बंबाला कायमचा नळ जोडण्याचा धोका पत्करू नये. धुराड्याची काजळी वर्षातून एकदा काढा आणि बंब बंद खोलीत पेटवू नका.

प्रश्न : आमच्याकडे न्हाणीघरात गॅस गीझर आहे. सोलरचे पाणी त्यातून घेतले तर गॅस वाचेल का?
(एक वाचक, नाशिक रोड)

उत्तर : तसे जोडू नका. गॅस गीझरची ज्योत पाण्याच्या दाबाने पेटते. गच्चीवरच्या टाकीचा दाब कमी पडला तर ती पेटतच नाही. पेटली आणि आत येणारे पाणी आधीच ५० अंशांचे असले, तर बाहेर येणारे पाणी भाजण्याइतके तापते. उत्पादकाने सौर जोडणीसाठी बनवलेला आणि तसे लिहून दिलेला गीझर असेल तरच मालिकेत जोडावा. एरवी दोन्हींचे नळ स्वतंत्र ठेवून मिक्सरच्या अलीकडे व्हॉल्व्हने निवड करावी.

आपण विचारलेले नाही, तरी दुसरी गोष्ट अधिक तातडीची आहे. गीझर न्हाणीघराच्या आत असेल तर तो आधी बाहेर हलवा. बंद जागेत गॅस जळताना प्राणवायू संपत जातो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि आंघोळ करणाऱ्याला गुंगी येत आहे हे कळण्याआधीच हातपाय गळतात. ड्राय बाल्कनीत किंवा मोकळ्या भिंतीवर तो बसवून आत फक्त नळ आणा. हे काम सोलर येईपर्यंत थांबवू नका.

प्रश्न : गच्चीवर जागा थोडीच आहे. पाणी तापवायचा सोलर घ्यावा, की विजेचे पॅनेल लावून त्याच विजेवर बॉयलर चालवावा? अनुदान दोन्हींना मिळते का?
(एक वाचक, इंदिरानगर)

उत्तर : फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर : मोफत वीज योजने’चे अनुदान छतावरच्या विजेच्या पॅनेलांना आहे. २ किलोवॅटपर्यंत प्रतिकिलोवॅट ३०,००० रुपये, आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पाला ७८,००० रुपये, असे तिचे प्रमाण ठरले. पाणी तापवण्याच्या सोलरचा त्यात समावेश नाही. ‘सोलरला सबसिडी आहे’ असे मोघम सांगणाऱ्या विक्रेत्याला कोणत्या सोलरला, हे नेमके विचारा.

जागेचा हिशेब पाणी तापवण्याच्या बाजूने आहे. १ किलोवॅटच्या पॅनेलला सावली टाळून सुमारे १० चौरस मीटर गच्ची लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. १०० लिटरच्या सपाट पॅनेलच्या सोलरचे क्षेत्र २ चौरस मीटर असते आणि तो १०० लिटर पाणी ४० अंशांनी तापवतो, तेव्हा ४.६५ युनिटांचे काम करतो. उष्णताच हवी असेल तर उन्हाची आधी वीज करून मग त्या विजेची उष्णता करण्यात एवढी जागा जाते.

तरीही मी सरसकट एकच उत्तर देणार नाही. विजेच्या पॅनेलची वीज मे महिन्यात पंख्याला आणि कूलरला कामी येते, उरली तर दिलेली-घेतलेली वीज मोजणाऱ्या नेट मीटरने बिलात जमा होते. सोलरचे जास्तीचे गरम पाणी मे महिन्यात कोणालाच नको असते. शिवाय पॅनेलच्या तारा कुठूनही आणता येतात, गरम नळाला अंतर सोसत नाही. गच्ची आणि न्हाणीघर यांच्यात चार मजले असतील आणि बॉयलर सुस्थितीत असेल, तर विजेचे पॅनेल लावणे अधिक शहाणपणाचे ठरेल. न्हाणीघर गच्चीच्या लगेच खाली असेल तर पाणी तापवणारा सोलर घ्यावा.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचे जड पाणी आहे. बॉयलरची कॉइल दर दीड-दोन वर्षांनी जाते. सोलरचेही तेच होईल का? सपाट पॅनेल घ्यावे की ट्यूबचे?
(एक वाचक, म्हसरूळ)

उत्तर : आधी पाणी तपासून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आय.एस. १०५०० मध्ये, एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालण्यासारखा मानला आहे. आपली कॉइल ज्या वेगाने जाते आहे त्यावरून आकडा बराच वरचा असावा. पाण्यातला चुना जास्त तापमानाला अधिक वेगाने साठतो, म्हणून बॉयलर ७५ अंशांऐवजी ६० वर ठेवला तरी कॉइलचे आयुष्य वाढते.

सपाट पॅनेलमधले तांब्याचे नळ बारीक असतात आणि जड पाण्याने चोंदतात. ते आम्लाने धुवावे लागतात. काचेच्या ट्यूबचे तोंड रुंद असते, तिच्या तळाशी क्षार साठले तरी ती उपसून धुता येते. आपण ट्यूबचाच घ्या, आणि काचेच्या ट्यूबच्या सोलरसाठी असलेल्या आय.एस. १६५४४ या मानकाचे चिन्ह त्यावर आहे का ते पाहा. टाकीत मॅग्नेशियमचा दांडा असतो. पाण्यातली झीज टाकीऐवजी तो स्वतःवर घेतो. वर्षातून एकदा तो काढून पाहा आणि अर्ध्याहून अधिक झिजला असेल तर बदला. घरात गंगापूर धरणाचे महापालिकेचे पाणी येत असेल, तर थोडी नळजोडणी बदलून गरम पाण्यापुरते तेच वापरा आणि बोअर बागेला व फ्लशला ठेवा. मृदुकरण यंत्रापेक्षा हे स्वस्तात होते.

प्रश्न : सिंहस्थात आमच्याकडे पाहुण्यांचा राबता असतो. त्या हिशेबाने मोठा सोलर घ्यावा का?
(एक वाचक, पंचवटी)

उत्तर : घेऊ नये. २०१५ चे सिंहस्थातले मुख्य स्नान ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झाले होते, आणि २०२७ मध्येही ते दिवस श्रावण-भाद्रपदाच्या आसपासचेच आहेत. त्या काळात नाशिकला वर्षातले सर्वांत कमी ऊन असते. दुप्पट सोलर घेतला तरी कोमट पाणीच दुप्पट मिळेल एवढेच. घरच्या माणसांना पुरेल असाच सोलर घ्या आणि पाहुण्यांचा भार बॉयलरवर टाका. त्यासाठी बॉयलरची कॉइल, थर्मोस्टॅट आणि सुरक्षा व्हॉल्व्ह आषाढातच तपासून घ्या.

प्रश्न : आम्ही मे महिन्यात महिनाभर गावी जातो. सोलर तसाच सोडला तर चालेल का?
(एक वाचक, सातपूर)

उत्तर : टाकी भरलेली आणि गार पाण्याचा पुरवठा चालू ठेवून ट्यूबांवर जाड कापड किंवा शेडनेट दुहेरी करून घट्ट बांधा. पाणी काढून टाकी रिकामी ठेवू नका. कोरड्या ट्यूबा उन्हात दोनशे अंशांच्या आसपास तापतात. कापड वाऱ्याने उडाले किंवा पुरवठा तुटून टाकी रिकामी झाली असेल, तर परत आल्यावर दिवसा गार पाणी सोडू नका; तापलेली काच तडकते. अंधार पडल्यावर दोन-तीन तास थांबून किंवा पहाटे सूर्य उगवायच्या आत टाकी भरा, आणि नंतर ट्यूबांच्या तोंडाशी असलेल्या रबरी वाशरांतून कुठे पाझर नाही ना, ते हात फिरवून पाहा.